ओळखीच्या पलीकडची ओळख : सिल्वासातील पदवीधर आणि दूरचा मार्गदर्शक

पदवी महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आज कागदोपत्री तरी एक मार्गदर्शक असतो. उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यमापन करणारी राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘नॅक’, आपल्या निकषांमध्ये एका मार्गदर्शकामागे किती विद्यार्थी आहेत हे विचारत आली आहे, आणि त्यामुळे महाविद्यालये प्राध्यापकांना विद्यार्थ्यांचे गट वाटून देतात, भेटींच्या नोंदी ठेवतात आणि त्या तपासणीसाठी सादर करतात. शेवटच्या सत्राचा निकाल लागला की ही नोंदवही मिटते. ज्या दिवसापर्यंत पुढे काय हा प्रश्न अजून दूर होता त्या दिवसापर्यंत मार्गदर्शक नेमलेला असतो, आणि ज्या दिवशी तो प्रश्न दारात येऊन उभा राहतो त्या दिवशी मार्गदर्शक उरत नाही. पदवी आणि पहिली स्थिर नोकरी यांच्या मधल्या या एक-दोन वर्षांच्या पट्ट्याला शिक्षणव्यवस्थेत नाव नाही, त्याची जबाबदारी कोणत्याही खात्याकडे नाही, आणि मोठ्या शहरातील सुशिक्षित घरांत हे काम काका, मावशी किंवा वडिलांचे सहकारी आपसूक करत असल्यामुळे ती उणीव तेथे जाणवतही नाही. ज्या घरात पदवी पहिल्यांदाच आली आहे, तेथे मात्र ती रोज जाणवते. अशा घरातील तरुणाने मोबाइलच्या पडद्यावर मार्गदर्शक शोधायला घेतला तर त्याला नेमके काय सापडू शकते आणि काय सापडू शकत नाही, याचा विचार या लेखात सिल्वासा या गावाला समोर ठेवून केला आहे.

सिल्वासा, स्थानिक उच्चारात सेलवास, हे दादरा आणि नगर हवेलीचे मुख्य गाव. दमणगंगेच्या काठचा हा सुमारे ४९१ चौरस किलोमीटरचा मुलूख अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठ्यांकडून पोर्तुगिजांकडे गेला, २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा स्वयंसेवकांच्या ताब्यात येऊन तो मुक्त झाला (त्या लढ्यात संगीतकार सुधीर फडके यांच्यासह अनेक मराठी माणसे होती, हे महाराष्ट्रात अजून आठवणीने सांगितले जाते), १९६१ मध्ये दहाव्या घटनादुरुस्तीने तो रीतसर भारताचा भाग झाला आणि २६ जानेवारी २०२० रोजी दमण व दीव यांच्याशी जोडला गेला. २००१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या २,२०,४९० होती, २०११ मध्ये ती ३,४३,७०९ झाली, आणि या वाढीचे मुख्य कारण कारखाने हे होय. १९६५ मध्ये पिपरिया येथे दान उद्योग सहकारी संघाने औद्योगिक वसाहत उभारली, पुढे मसाट आणि खडोली येथे वसाहती झाल्या, आणि करसवलतींच्या काळात सूत, प्लास्टिक, तारा आणि रसायने यांचे उद्योग मोठ्या संख्येने येथे आले. २०११ च्या जनगणनेतही लोकसंख्येचा निम्म्याहून अधिक भाग मात्र वारली, धोडिया, कोकणा, काथोडी अशा आदिवासी समाजांचा होता. त्यांच्या जोडीला सुरत-वापी पट्ट्यात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे आहेत आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेले कामगार आहेत. कारखान्याच्या फाटकाबाहेर एका चहाच्या टपरीवर चार-पाच भाषा ऐकू येतात, पण फाटकाच्या आत वरच्या पदांवर बसणारी माणसे बहुधा बाहेरून आलेली असतात आणि त्यांची घरे, मुलांच्या शाळा व ओळखीपाळखी वापी, सुरत किंवा मुंबईशी जोडलेल्या असतात.

या गावाचे आणखी एक वैशिष्ट्य विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. येथील पदवीधराला ओळख देणाऱ्या बहुतेक संस्थांचे मूळ गावाबाहेर आहे. डोकमर्डी येथील डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम शासकीय महाविद्यालय सुरतच्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाशी संलग्न आहे, तर सायली रस्त्यावरील एसएसआर महाविद्यालय पुण्याच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी. गांधीनगरच्या गुजरात राष्ट्रीय विधी विद्यापीठाने येथे आपले दुसरे संकुल सुरू केले आहे, पण या प्रदेशाचे उच्च न्यायालय मुंबईचे आहे. रेल्वे स्थानक वापीला आहे. २५ एप्रिल २०२३ रोजी उद्घाटन झालेले नमो वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था हे वैद्यकीय महाविद्यालय गावातच आहे, आणि त्याने डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांचा प्रवास बराच कमी केला. परंतु एकाच गल्लीतील दोन वाणिज्य पदवीधरांपैकी एकाच्या पदवीवर सुरतेचा शिक्का आणि दुसरीच्या पदवीवर पुण्याचा, अशी स्थिती असल्यामुळे माजी विद्यार्थ्यांचे जे जाळे एखाद्या जुन्या विद्यापीठाच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या विणले जाते ते येथे विणले गेलेले नाही. पुण्यात शिकलेल्या मुलाला पुण्यात भेटणारे ‘आमच्या कॉलेजचे’ सिल्वासाच्या मुलीला कोठे भेटणार, हा प्रश्न भूगोलाचा आहे तितकाच संस्थात्मक इतिहासाचाही आहे. महाजालावरचा शोध या गावात चैनीचा ठरत नाही, तो याचमुळे.

आता शब्दाकडे वळणे आवश्यक आहे, कारण मराठीत या क्षेत्रात तीन शब्दांची गल्लत होते आणि ती महागात पडते. ‘मेंटॉर’ हे होमरच्या ‘ओडिसी’मधील एका पात्राचे नाव होय, युद्धावर जाताना ओडिसियस आपले घर आणि मुलगा टेलेमाखस यांना मेंटॉरच्या स्वाधीन करतो. फ्रेंच लेखक फेनेलोन याने १६९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेलेमाखसच्या कथेत मेंटॉरला मुख्य उपदेशकाचे स्थान दिले, आणि त्यानंतर हे विशेषनाम युरोपीय भाषांत सामान्यनाम बनले. मराठीत त्यासाठी ‘मार्गदर्शक’ हा शब्द रूढ आहे, पण व्यवहारात नोकरीच्या संदर्भात माणसे दोन वेगळेच शब्द वापरतात : ‘ओळख’ आणि ‘वशिला’. ओळख म्हणजे कोणीतरी कोणाला तरी ठाऊक असणे; वशिला म्हणजे त्या ओळखीचा वापर करून पात्रतेला वळसा घालणे; आणि मार्गदर्शन म्हणजे पात्रता कशी मिळवावी, ती कोठे दाखवावी आणि कोणती वाट आपली नव्हे हे समजून घेण्यासाठी अनुभवी माणसाची मदत घेणे. ‘कंपनीत कोणी आहे का?’ हा सिल्वासात हमखास ऐकू येणारा प्रश्न या तिन्ही अर्थांनी विचारला जातो. कष्टाळू आणि मानी घरांत वशिल्याविषयी जी रास्त चीड असते ती ओळखीवर आणि पुढे मार्गदर्शनावरही पसरते, आणि मग अनोळखी माणसाला एक सरळ प्रश्न विचारणे हेसुद्धा हात पसरल्यासारखे वाटू लागते. या संकोचाला मराठीत ‘भीड’ हा अचूक शब्द आहे. इंटरनेटची गती, मोबाइलचा दर्जा, इंग्रजीचा सराव या सगळ्या अडचणी खऱ्या आहेत, पण पहिल्या पिढीच्या पदवीधराच्या वाटेतील सर्वांत मोठा अडसर भीड हाच आहे.

ओळख आणि वशिला यांत फरक करण्यासाठी समाजशास्त्राने एक उपयुक्त संकल्पना दिलेली आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या ‘क्षीण बंधांचे सामर्थ्य’ या सिद्धान्तानुसार, ज्यांच्याशी आपला रोजचा घरोबा असतो त्यांना साधारणपणे आपल्याला माहीत असलेल्याच जागा, बातम्या आणि वाटा माहीत असतात, तर ज्यांच्याशी आपली ओळख तुरळक असते ती माणसे वेगळ्या वर्तुळात वावरत असल्यामुळे त्यांच्याकडून नवी माहिती मिळते. बोस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरात नोकरी बदललेल्या व्यावसायिकांशी बोलताना त्यांना आढळले की ओळखीतून काम मिळालेल्यांपैकी १६.७ टक्क्यांची त्या ओळखीच्या माणसाशी वारंवार भेट होत होती, ५५.६ टक्क्यांची अधूनमधून आणि २७.८ टक्क्यांची क्वचितच. येथे ‘बंध’ म्हणजे दोन माणसांमधील संबंध, आणि तो क्षीण की घट्ट हे एकत्र घालवलेला वेळ, जिव्हाळा, विश्वास आणि परस्परांच्या उपयोगी पडणे यांवर ठरते. सिल्वासातील ज्या मुलीचे सगळे नातेवाईक एकाच पाड्यावर राहतात आणि भाऊ, काका, शेजारी एकाच ठेकेदारामार्फत कामाला लागलेले आहेत, तिच्याजवळ घट्ट बंध भरपूर आहेत; तिला उणीव आहे ती क्षीण बंधांची.

याच सिद्धान्ताची मोठी चाचणी लिंक्डइन या व्यावसायिक ओळखींच्या संकेतस्थळावर झाली आणि तिचे निष्कर्ष सप्टेंबर २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०१५ ते २०१९ या पाच वर्षांत दोन कोटींहून अधिक सभासदांना ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ अशा सूचना वेगवेगळ्या प्रमाणात दाखवल्या गेल्या, त्यातून सुमारे दोन अब्ज नवे बंध निर्माण झाले आणि सहा लाख नोकऱ्यांची नोंद झाली. सभासदांना या प्रयोगाची वेगळी कल्पना दिलेली नव्हती म्हणून त्यावर टीका झाली, आणि ती योग्यच होती. निष्कर्ष मात्र दुर्लक्ष करण्याजोगा नाही : अतिशय घट्ट आणि अतिशय दूरचे अशा दोन्ही बंधांपेक्षा मध्यम क्षीण बंध, म्हणजे थोड्या समाईक ओळखी असलेली माणसे, नोकरीच्या कामी सर्वाधिक उपयोगी पडली. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की संगणकाशी जवळचे नाते असलेल्या उद्योगांत क्षीण बंधांचा लाभ अधिक होतो, तर ज्या उद्योगांत संगणकाचा शिरकाव कमी आहे तेथे घट्ट बंधच अधिक कामाला येतात.

या दुसऱ्या निष्कर्षाकडे सिल्वासाने नीट पाहिले पाहिजे. सॉफ्टवेअर, आरेखन, माहितीचे विश्लेषण, लेखन किंवा उच्च शिक्षण यांकडे जाऊ पाहणाऱ्या पदवीधराला बंगळुरूत किंवा लंडनमध्ये बसलेला मार्गदर्शक खरोखर वाट दाखवू शकतो, कारण त्या कामाचे नमुने, परीक्षा आणि मुलाखती पडद्यावरच होतात. पण सुताच्या कारखान्यातील गुणवत्ता विभागात, रसायनांच्या प्रयोगशाळेत किंवा यंत्रांच्या देखभालीत कारकीर्द करू पाहणाऱ्याला शेवटी असा माणूस हवा असतो ज्याने ते यंत्र चालताना पाहिले आहे, रात्रपाळीत ते बंद पडल्यावर काय करतात हे ज्याला ठाऊक आहे आणि कोणत्या कंपनीत कंत्राटी माणूस तीन वर्षे कंत्राटीच राहतो हे जो स्पष्ट सांगेल. असा माणूस मसाटच्या वसाहतीतच आहे. फक्त तो आणि पदवीधर यांच्यात पगाराची, भाषेची आणि ‘साहेब’ या संबोधनाची भिंत आहे. महाजालाचा येथे खरा उपयोग दूरचा माणूस गाठण्याइतकाच जवळच्या माणसापर्यंत पोचण्याचा आहे. कारखान्याच्या फाटकावरून ज्या व्यवस्थापकाला भेटता येत नाही, त्याला त्याच्या कामाविषयी चार नेमक्या ओळी लिहून पाठवता येतात.

क्षीण बंधाचे मोल दाखवणारे मराठी समाजाच्या इतिहासातील सर्वांत ठळक उदाहरण महाजालाच्या फार आधीचे आहे. मुंबईच्या चर्नी रोड बागेत वाचत बसणाऱ्या भीमराव आंबेडकर या शाळकरी मुलाची चौकशी कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी केली, त्याला पुस्तके दिली, १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाल्यावर आपण लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले आणि पुढच्या शिक्षणासाठी पैशाची अडचण येताच त्याची बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याशी भेट घडवून आणली. त्यातून महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, १९१२ मध्ये बी. ए. पूर्ण झाले आणि १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्याच मदतीने कोलंबिया विद्यापीठाची वाट खुली झाली. केळुसकर हे त्या कुटुंबाचे नातेवाईक नव्हते, जातबांधव नव्हते, त्याच्या शाळेतले शिक्षकही नव्हते. त्यांनी मुलाची कुवत ओळखली, त्याला वाचायला दिले आणि जेथे आपला हात पोचत नव्हता तेथे पोचणाऱ्या माणसासमोर त्याला उभे केले. यात वशिल्याचा अंशही नाही, कारण पात्रता आधीच सिद्ध होती आणि अडलेली होती ती केवळ संधी. ज्यांना ओळख आणि वशिला एकच वाटतात, त्यांनी या घटनाक्रमाचा शांतपणे विचार करावा.

मार्गदर्शक नेमके काय करतो याचे शास्त्रीय विवेचन अमेरिकन अभ्यासक कॅथी क्रॅम यांनी १९८५ च्या ‘मेंटॉरिंग ॲट वर्क’ या ग्रंथात केले. त्यांनी दोन प्रकारची कार्ये मानली : कारकिर्दीशी संबंधित कार्ये, ज्यांत संधी सुचवणे, योग्य लोकांसमोर आणणे, कठीण काम सोपवणे आणि चुकीच्या परिणामांपासून सांभाळणे हे येते, आणि मानसिक-सामाजिक कार्ये, ज्यांत आदर्श ठरणे, स्वीकारणे, मन मोकळे करू देणे आणि मैत्री हे येते. हे नातेही स्थिर नसते. ते सुरू होते, वाढते, विलग होते आणि मग बरोबरीच्या नात्यात रूपांतरित होते, असे चार टप्पे क्रॅम यांनी १९८३ मध्येच दाखवले होते. सिल्वासाच्या शेजारी, सीमेपलीकडच्या डहाणू तालुक्यात, या विवेचनाचा जिवंत दाखला आहे. १९४५ मध्ये बोर्डी येथे ताराबाई मोडक यांच्या कामात अनुताई वाघ सामील झाल्या, १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले, आणि १९७३ मध्ये ताराबाईंच्या निधनानंतर अनुताईंनी ते आपले म्हणून पुढे नेले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. या नात्यात दोन्ही प्रकारची कार्ये इतकी एकजीव झाली होती की ती वेगळी काढणे अवघड जाते. पडद्यावरच्या तासाभराच्या संभाषणाकडून अशा नात्याची अपेक्षा करणे हा त्या संभाषणावर अन्याय आहे. क्रॅम यांनीच मोनिका हिगिन्स यांच्यासह २००१ मध्ये मांडले की एकाच थोर गुरूऐवजी निरनिराळ्या गरजांसाठी निरनिराळ्या माणसांचे ‘विकासजाळे’ असणे आजच्या कारकिर्दीला अधिक साजेसे आहे. गुरुपरंपरेत वाढलेल्या समाजाला हे मान्य करणे जड जाते, पण पहिल्या पिढीच्या पदवीधराला ते मोकळे करणारे आहे : त्याने सर्वज्ञ गुरू शोधू नये, एका प्रश्नासाठी एक माणूस शोधावा.

महाजालावरील मार्गदर्शनाचा इतिहास फार जुना नाही. १९९७ मध्ये कॅरोल म्युलर यांनी अमेरिकेत ‘मेंटॉरनेट’ सुरू केले आणि अभियांत्रिकी व विज्ञान शिकणाऱ्या मुलींची उद्योगांतील अनुभवी माणसांशी ई-पत्राद्वारे गाठ घालून दिली. ज्या वर्गात मुली मोजक्या आणि शिक्षिका त्याहून मोजक्या, तेथे दुसऱ्या शहरातील माणूसही आधार ठरू शकतो हे त्यातून दिसले. २००३ मध्ये लिंक्डइन आले आणि अनोळखी व्यावसायिकाचे नाव, पद आणि वाटचाल कोणालाही पाहता येऊ लागली. भारत सरकारने २० जुलै २०१५ रोजी राष्ट्रीय करिअर सेवा हे संकेतस्थळ सुरू केले, ज्यावर नोकऱ्यांच्या नोंदींसोबत समुपदेशनाचीही सोय आहे. १६ जानेवारी २०२३ रोजी ‘मार्ग’ हे मार्गदर्शनाचे व्यासपीठ सुरू झाले, पण ते नवउद्योजकांसाठी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मार्गदर्शनाचे राष्ट्रीय अभियान सांगितले आहे आणि त्यात भारतीय भाषांत शिकवू शकणाऱ्या ज्येष्ठ व निवृत्त प्राध्यापकांचा समावेश करण्याचे म्हटले आहे. मात्र त्याचा लाभ महाविद्यालयीन अध्यापकांना मिळावा अशी योजना आहे. उद्योजकांसाठी आणि अध्यापकांसाठी व्यवस्था होते आणि नोकरी शोधणारा सामान्य कला-वाणिज्य-विज्ञान पदवीधर पुन्हा मधल्या पट्ट्यात राहतो.

हा पट्टा ओलांडण्याचा महाराष्ट्रातील सर्वांत उल्लेखनीय प्रयत्न एकलव्य इंडिया फाउंडेशन या संस्थेचा आहे. बुलढाणा जिल्ह्यातील पिंप्री खंदारे येथील शेतकरी कुटुंबातून आलेले राजू केंद्रे यांनी ती सुरू केली. ते स्वतः घरातील पहिल्या पिढीचे पदवीधर असून चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या ‘सोआस’ या संस्थेत २०२१ मध्ये शिकायला गेले. चेवनिंग ही १९८३ पासून ब्रिटिश सरकारतर्फे दिली जाणारी शिष्यवृत्ती आहे; तिच्या अर्जात नेतृत्व आणि कारकिर्दीचा आराखडा यांबरोबर व्यावसायिक संबंध कसे जोडता आणि जपता यावरही निबंध लिहावा लागतो. ज्याला घरातून एकही व्यावसायिक ओळख मिळालेली नाही त्याच्याकडून ओळखींविषयी निबंध मागितला जातो, आणि येथेच अनेक हुशार मुले अडतात. एकलव्यच्या कामाचे मर्म असे की ग्रामीण, आदिवासी, दलित आणि भटक्या समाजांतील मुलांना ज्यांनी नुकताच हा अर्ज भरला आहे, ज्यांचा निबंध दोनदा फेटाळला गेला आहे आणि तिसऱ्यांदा स्वीकारला गेला आहे, अशी माणसे दूरसंवादाने मिळवून दिली जातात. मार्गदर्शक येथे ‘सर’ कमी आणि ‘दादा’, ‘ताई’ अधिक असतात. संबोधनातला हा फरक वरवरचा वाटेल, पण भीड मोडण्यात त्याचा वाटा मोठा आहे, कारण दादाला मूर्ख वाटणारा प्रश्नही विचारता येतो. पाच पायऱ्या वर असलेला माणूस आदरणीय असतो, पण एक पायरी वर असलेल्या माणसाला त्या पायरीची उंची अजून आठवत असते. सिल्वासा, खानवेल, दुधनी येथील वारली आणि कोकणा मुलांची स्थिती तलासरी, जव्हार, मोखाडा येथील मुलांहून फारशी वेगळी नाही. सीमारेषा प्रशासनाची आहे, अडचण एकच आहे.

अनोळखी माणसाला लिहायचे कसे, हे कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवले जात नाही, म्हणून त्याविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे योग्य होईल. ‘सर, मला मार्गदर्शन करा’ या वाक्याला उत्तर देणे कोणत्याही सज्जन माणसाला अशक्य असते, कारण त्यात प्रश्नच नसतो. ‘मी रसायनशास्त्राची पदवीधर असून सिल्वासात राहते, आपण प्रयोगशाळेतील कामापासून सुरुवात करून पर्यावरण नियमपालनाच्या क्षेत्रात गेल्याचे आपल्या परिचयात वाचले, त्या बदलासाठी आपण आधी पदविका घेतली की आधी काम मिळवले?’ या प्रश्नाला उत्तर देण्यास पाच मिनिटे लागतात आणि बहुतेक माणसे ती देतात. पत्र मराठीत असावे की इंग्रजीत, याचा निर्णय समोरच्या माणसावर सोपवावा. नावावरून आणि लेखनावरून तो मराठी असल्याचे दिसत असेल तर स्वच्छ मराठीत लिहिलेले पत्र मोडक्या इंग्रजीतील पत्राहून अधिक वाचले जाते. नोकरी मागू नये, माहिती मागावी. उत्तर आले तर त्याप्रमाणे काय केले हे महिन्याभराने दोन ओळींत कळवावे, कारण बहुतेक संबंध पहिल्या पत्रात तुटत नाहीत, दुसरे पत्र न लिहिल्यामुळे तुटतात. उत्तर आले नाही तर तो अपमान समजू नये; दहा पत्रांना दोन उत्तरे आली तरी ज्या घरात एकही व्यावसायिक ओळख नव्हती तेथे दोन झाल्या.

धोक्यांविषयीही बोलले पाहिजे, कारण ज्याला मदतीची सर्वाधिक गरज आहे तोच फसवणुकीचे पहिले लक्ष्य ठरतो. नोंदणी शुल्क, प्रशिक्षणाची अनामत, ऑफर लेटरपूर्वी भरायची रक्कम, घरबसल्या छोट्या कामांचे मोठे पैसे, ही सगळी एकाच जाळ्याची टोके आहेत. खरा मार्गदर्शक नोकरीची हमी देत नाही, आधार किंवा बँकेचा तपशील मागत नाही, आणि एखादा सशुल्क सल्ला देत असेल तर शुल्क आणि वेळ आधीच स्पष्ट करतो. मुलींच्या बाबतीत अवेळी फोन, वैयक्तिक छायाचित्रांची मागणी किंवा एकटीने भेटायला येण्याचा आग्रह दिसताच संभाषण थांबवणे हा उद्धटपणा ठरत नाही. पैशांची फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

तथापि सगळा भार पदवीधराच्या पत्रलेखनावर टाकणे न्यायाचे नाही. मराठीत ‘उमेदवारी करणे’ असा जुना, अर्थपूर्ण प्रयोग आहे आणि कायद्याच्या भाषेतही ‘शिकाऊ उमेदवार’ हीच संज्ञा आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात पुढे पदवीधर आणि पदविकाधारकांचाही समावेश झाला, २०१९ च्या नियमांनी ३० किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके उमेदवार घेणे बंधनकारक केले, आणि त्या वेळी पदवीधरासाठी दरमहा किमान ९,००० रुपयांचे विद्यावेतन ठरले. पश्चिम विभागातील पदवीधर उमेदवारीचे काम मुंबईचे शिकाऊ उमेदवार प्रशिक्षण मंडळ पाहते आणि दादरा-नगर हवेली त्याच्याच कक्षेत येते. उमेदवारीच्या वर्षात पदवीधराला जवळचा, घट्ट बंध कायद्यानेच मिळतो : कामाच्या जागी शिकवणारा माणूस. पिपरिया, मसाट आणि खडोलीतील कारखान्यांनी ही संख्या कागदावर भरून न काढता, प्रत्येक उमेदवारामागे एक नावानिशी मार्गदर्शक नेमला, आणि दूरच्या मार्गदर्शकाने सुचवलेल्या वाटेचा पहिला टप्पा गावातच चालता आला, तर पडद्यावरील आणि पडद्याबाहेरील मार्गदर्शन एकमेकांना पूरक होतील.

गावातील महाविद्यालयांकडेही एक सरळ मागणी आहे. विद्यार्थी शिकत असताना ठेवली जाणारी मार्गदर्शकाची नोंदवही निकालाच्या दिवशी मिटू नये. ती आणखी दोन वर्षे उघडी राहावी, तिच्यात प्राध्यापकाच्या नावाशेजारी त्याच विषयात दोन-चार वर्षांपूर्वी पदवीधर झालेल्या आणि आता सुरत, पुणे, मुंबई किंवा परदेशात काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्याचे नाव त्याच्या संमतीने लिहिले जावे, आणि शासकीय महाविद्यालयाने व एसएसआरने विद्यापीठांचा भेद बाजूला ठेवून ही यादी एकत्र करावी. यासाठी निधी लागत नाही; प्रत्येक विभागातील एका माणसाची वर्षातून काही दिवसांची मेहनत लागते. आणि सिल्वासा सोडून पुढे गेलेल्या ज्या कोणा वाचकाच्या हाती हा अंक पडेल, त्याने दिवाळीला गावी आल्यावर आपल्या जुन्या महाविद्यालयात जाऊन त्या यादीत आपले नाव, विषय आणि आठवड्यातील अर्धा तास लिहून ठेवावा, ही विनंती.